कोलोनचा महापौर आडेनाउअर: राजवटी बदलल्या, शहर चालवायचं काम तेच राहिलं

सह्यकडा

आडेनाउअर म्हटलं की बहुतेकांना पश्चिम जर्मनीचा पहिला चॅन्सेलर आठवतो, १९४९ ते १९६३, फ्रान्सच्या द गॉलशी दोस्ती, नाटो वगैरे. पण चॅन्सेलर झाला तेव्हा हा माणूस ७३ वर्षांचा होता आणि त्याआधीची त्याची खरी कारकीर्द महापालिकेतली. १९०६ मध्ये कोलोन महापालिकेत शिरला, १९१७ मध्ये महापौर झाला, १९३३ मध्ये नाझींनी हाकलला, १९४५ मध्ये अमेरिकनांनी परत बसवला आणि त्याच वर्षी ब्रिटिशांनी काढला. मला त्याच्या चॅन्सेलरकीपेक्षा हाच भाग जास्त मोलाचा वाटतो म्हणून हा धागा काढतोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तिथला महापौर म्हणजे आपल्यासारखा अडीच वर्षांचा मानाचा महापौर नव्हे. प्रशिया म्हणजे जर्मनीतलं सर्वात मोठं राज्य, त्याच्या ऱ्हाइन प्रांतात नगरसेवक महापौराला एकदम १२ वर्षांसाठी निवडायचे, तो पगारी, बहुतेकदा वकिली शिकलेला प्रशासक असायचा, आणि महापौर आणि आयुक्त दोघांचे अधिकार एकाच खुर्चीत. त्याच्या हाताखाली खातेवार उपमहापौर, तेही पगारी. आडेनाउअर असाच खालून वर आला, वडील कोर्टात कारकून, घरची परिस्थिती बेताची.

पहिल्या महायुद्धात शहराला धान्य पुरवायचं काम त्याच्याकडे होतं. गहू-राय मिळेना तेव्हा मका, बार्ली आणि तांदळाच्या पिठाचा पाव त्याने बेकरीवाल्यांबरोबर बसून तयार केला आणि त्याचं पेटंटही घेतलं, नंतर सोयाबीनचं सॉसेज. खायला काही फार चांगलं नसावं पण पोटात काहीतरी जात होतं. १९१६ मध्ये पहिली बायको गेली, पदरात तीन मुलं. मार्च १९१७ मध्ये त्याची गाडी ट्रामवर आदळली, चेहऱ्याची हाडं मोडली (फोटोत तो चेहरा जो वेगळाच दिसतो ना, तो त्या अपघातानंतरचा). ब्लॅक फॉरेस्टमध्ये बरा होत होता तेव्हा महापौरपद रिकामं झालं, मग कोलोनहून दोन नगरसेवक त्याला भेटायला गेले, गप्पा मारता मारता याचं डोकं ठिकाणावर आहे ना याचा अंदाज घेतला आणि सप्टेंबरमध्ये त्याला निवडून दिलं. वय ४१.

आणि वर्षभरात कैसरच गेला! नोव्हेंबर १९१८, कील बंदरातले बंडखोर खलाशी रेल्वेने कोलोनला पोचले, कामगार आणि सैनिकांची परिषद स्थापन झाली. आता हा कॅथलिक सेंटर पक्षाचा, पक्का सनातनी माणूस, क्रांतीचा त्याला मनापासून तिटकारा. तरी त्याने परिषदेला बसायला जागा दिली, त्यांच्याबरोबर रोज बैठका घेतल्या, कारण पश्चिम आघाडीवरून परतणारं लाखो सैन्य कोलोनच्याच पुलांवरून जाणार होतं, त्यांना खायला घालायचं, बंदुका काढून घ्यायच्या आणि लुटालूट होऊ द्यायची नाही. लष्कराच्या गोदामातली दारू त्याने ऱ्हाइनमध्ये ओतायला लावली, सैनिकांच्या हाती ती लागली तर काय होईल हे त्याला कळत होतं. डिसेंबरात ब्रिटिश सैन्य आलं ते थेट जानेवारी १९२६ पर्यंत राहिलं. म्हणजे दीड वर्षात तीन मालक, आणि ट्राम, पाणी, कोळसा, पाव यांची जबाबदारी त्या एकाच टेबलावर.

मला सांगायचंय ते हे की तो कुणाच्या विचारांत वाहून गेला नाही, पण आलेल्या प्रत्येकाशी शहराच्या कामापुरतं बोलला. आणि त्याच धामधुमीत त्याने ते शहर घडवलं, त्याबद्दल खाली लिहितोच. तोवर तुमची मतं येऊ देत.

चिंचपोकळीकर

मस्त धागा. एक शंका, १२ वर्षं एकच माणूस म्हणजे हुकूमशहाच झाला की. नगरसेवकांना काही अधिकार होते का नाही?

सह्यकडा

होते ना, बजेट आणि मोठे निर्णय सभागृहातूनच जायचे आणि तिथे तो बहुमत जुळवण्यात वाघ होता. म्युलहाइमच्या पुलाची गोष्ट बघ. तज्ज्ञांच्या समितीने कमानीचा पूल निवडला होता, याला झुलता पूल हवा होता, एक तर दिसायला सुंदर आणि दुसरं म्हणजे त्याच्या तारा म्युलहाइममधल्याच केबल कारखान्यात बनणार, म्हणजे काम शहरातल्या लोकांना. मतं कमी पडत होती तेव्हा त्याने कम्युनिस्ट नगरसेवकांना गाठून सोव्हिएत रशियातल्या लेनिनग्राडमध्ये कसे सुंदर झुलते पूल आहेत ते सांगितलं म्हणे आणि त्यांची मतं मिळवली. १९२९ मध्ये पूल झाला, मधला गाळा ३१५ मीटर. युद्धात पडला, पण पुन्हा बांधला तोही झुलताच.

बाकी यादी मोठी आहे. फ्रेंचांनी १७९८ मध्ये बंद केलेलं विद्यापीठ १९१९ मध्ये परत सुरू, १९२३ मध्ये म्युंगर्सडॉर्फचं स्टेडियम, ज्याच्या बांधकामावर बेकारांना काम मिळालं, १९२४ मध्ये नदीपलीकडे डॉइट्झला प्रदर्शन संकुल, १९३० मध्ये फोर्डचा कारखाना (पायाभरणीला स्वतः हेन्री फोर्ड आलेला) आणि १९३२ मध्ये कोलोन ते बॉन हा फक्त मोटारींसाठीचा चौपदरी रस्ता. हिटलरने ऑटोबान (जर्मन महामार्ग) आणला असं आपल्याकडेही लोक बिनधास्त ठोकून देतात. हा रस्ता ऑगस्ट १९३२ मध्ये आडेनाउअरने सुरू केला, हिटलर सत्तेवर यायच्या आधी.

ऱ्हाइनकाठची

सह्यकडा, हरितपट्टा विसरलात! मी कोलोनमध्येच राहते, गेली बरीच वर्षं, आणि रोजचं फिरणं त्याच पट्ट्यात. म्हणून यावर मीच लिहिते.

कोलोन हे तटबंदीचं शहर. किल्ल्यांच्या दोन रांगा, आणि त्यांच्यापुढे तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली जमीन, तिथे बांधकामाला बंदी. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने किल्ले पाडायचे ठरलं, म्हणजे शहराला लागून एवढी मोठी जमीन एकदम मोकळी होणार. आपल्याकडे गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते आपण बघितलंय. तिथेही जमीनमालक टपून बसलेच होते. आडेनाउअरने खास कायदा करून घेतला, हॅम्बुर्गचे नगररचनाकार फ्रिट्झ शूमाखर यांना १९२० मध्ये तीन वर्षांसाठी बोलावून आणलं आणि आतला एक आणि बाहेरचा एक असे दोन अर्धगोल हरितपट्टे आखले. काही किल्ले तर दोस्त राष्ट्रांशी वाटाघाटी करून वाचवले आणि बागा, खेळाच्या जागा म्हणून वापरात आणले.

बाहेरच्या पट्ट्यात डेकश्टाइनचा तलाव आहे, लांबलचक, दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा. रविवारी तिथे अख्खं शहर असतं, तुर्की कुटुंबं शेगडी लावून बसलेली, म्हातारे बाकावर, पोरं होड्यांत. आमच्या मराठी मंडळाची उन्हाळ्यातली डबा पार्टी पण एकदा तिथेच झाली. आतल्या पट्ट्यात आखेनर तलावाशेजारी ज्या टेकड्या आहेत त्या मातीच्या नाहीतच, दुसऱ्या महायुद्धातल्या पडक्या घरांचा राडारोडा आहे तो, वर गवत. लोक त्यावर सतरंजी टाकून उन्हात पडलेले असतात. ज्या शहरात इतकी पडझड झाली तिथे श्वास घ्यायला जागा उरली ती त्या एका निर्णयामुळे, हे मला फार वाटतं.

कुंपणावरून

छान लिहिताय सगळे पण जरा एकतर्फी होतंय म्हणून दुसरी बाजू मांडतो.

एक, पैसा. ही सगळी कामं कर्ज काढून झाली. १९२९ नंतर मंदी आली आणि कोलोन कर्जात बुडालं, बेकारांना मदत द्यायला तिजोरीत पैसा नाही. १९२९ च्या डिसेंबरात १२ वर्षं संपल्यावर फेरनिवड झाली ती ९६ पैकी ४९ मतांनी, म्हणजे अर्ध्यापेक्षा एकच मत जास्त. शिवाय स्वतः शेअरबाजारात कर्ज काढून पैसे लावले आणि सगळे बुडाले, मग बँकवाल्या मित्रांनी सावरून घेतलं. शहराच्या प्रमुखाने बँकांच्या उपकारात राहणं हे आज कुणी खपवून घेईल का?

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. ऑगस्ट १९३४ मध्ये, म्हणजे पदावरून काढल्यावर, त्याने प्रशियाच्या गृहमंत्र्याला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो की मी नाझी पक्षाशी नेहमी नीट वागलो, वरून मनाई असतानाही त्यांना शहराची मैदानं दिली आणि तिथे त्यांचे झेंडे लावू दिले. कशासाठी हे पत्र, तर अडवलेल्या पेन्शनसाठी. मग "कुणाच्या विचारांत वाहून गेला नाही" याचं काय करायचं?

मुख्याधिकारी_निवृत्त

कुंपणावरून, तुमचा मुद्दा रास्त आहे पण ते पत्र वाचताना आधीचं दीड वर्ष बघा.

फेब्रुवारी १९३३. हिटलर चॅन्सेलर झालेला, निवडणुका तोंडावर. आडेनाउअर तेव्हा प्रशियाच्या राज्य परिषदेचेही अध्यक्ष, आणि प्रशियाची विधानसभा बरखास्त करायचा निर्णय ज्या तिघांनी घ्यायचा त्यातले एक. ६ फेब्रुवारीला त्यांनी सही द्यायला नकार दिला आणि बैठकीतून उठून गेले. दोनच आठवड्यांत हिटलर प्रचाराला कोलोनला आला. विमानतळावर महापौर गेले नाहीत, दुसऱ्याला पाठवलं. नाझींनी डॉइट्झच्या पुलावर झेंडे लावले होते, ते यांनी काढायला लावले, कारण पूल शहराचा आहे आणि पक्षाच्या प्रचारासाठी नाही. सभा जिथे होती त्या प्रदर्शन हॉलसमोर मात्र झेंडे लावू दिले.

मी नगरपालिकेत उमर काढली म्हणून सांगतो, या शेवटच्या तपशिलात सगळा प्रशासक दिसतो. सार्वजनिक पूल वेगळा, भाड्याने दिलेला हॉल वेगळा. माझ्याकडे एकदा रात्री फोन आला होता की उद्या सकाळी अमुक चौकातलं अमुक काढा, लेखी काही मिळणार नाही. मी म्हटलं लेखी द्या, लगेच काढतो. कागद आला नाही, बदलीची ऑर्डर आली. आमचं फार तर बिऱ्हाड हललं. त्यांच्या बाबतीत शहरात मारेकरी फिरत होते, १२ मार्चला स्थानिक निवडणूक झाली आणि १३ तारखेला नाझी टाउन हॉलमध्ये शिरले तेव्हा ते आधीच बर्लिनला निघाले होते. हिटलरचा साथीदार गोअरिंग याच्याकडे दाद मागायला गेले, उपयोग शून्य.

मग पगार बंद, बँक खातं गोठवलेलं, दुसऱ्या लग्नाची धरून सात मुलं. ब्रसेल्सचे डॅनी हाइनेमान म्हणून ज्यू उद्योगपती होते, त्यांनी न मागता १०,००० मार्क दिले त्यावर घर चाललं. स्वतः मारिया लाखच्या मठात जवळजवळ वर्षभर लपल्यासारखे राहिले, मठाधिपती शाळासोबती होते म्हणून आसरा मिळाला. ३० जून १९३४ ला हिटलरने विरोधकांची कत्तल केली त्या वेळी अटक होऊन दोन दिवसांनी सुटले. आणि पत्र आहे त्याच्या सहा आठवड्यांनंतरचं. मी त्या पत्राचं समर्थन करत नाही. पण घाबरलेल्या, सात लेकरांच्या बापाने लिहिलेला अर्ज म्हणून मी तो वाचतो.

कुंपणावरून

काका, परिस्थिती मान्य. पण मग त्यांना "नाझींपुढे न झुकलेला महापौर" म्हणताना तो अर्ज झाकून ठेवू नये एवढंच माझं म्हणणं. दोन्ही गोष्टी त्याच माणसाच्या आहेत. पुलावरचे झेंडे त्याने काढले आणि मैदानावरचे झेंडे त्यानेच स्वतःच्या बाजूने पुरावा म्हणून पुढे केले.

मुख्याधिकारी_निवृत्त

झाकू नयेच. यावर आपलं एकमत.

तळजाई

इथे लाइपझिगच्या गोअर्डेलरची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. तोही असाच मुरलेला प्रशासक, १९३० पासून महापौर, सनातनी विचारांचा. फरक असा की नाझी आले तरी तो खुर्चीवर राहिला, पक्षाचा सदस्य झाला नाही पण त्यांच्या सरकारात भाव नियंत्रणाचं काम सांभाळलं, त्याला वाटत होतं आतून सुधारता येईल. नोव्हेंबर १९३६ मध्ये तो फिनलंडला गेलेला असताना त्याच्या नाझी उपमहापौराने संगीतकार मेंडेल्सझोनचा पुतळा हटवला, कारण मेंडेल्सझोन जन्माने ज्यू. गोअर्डेलरने परत आल्यावर पुतळा पुन्हा बसवायची मागणी केली, ती मान्य होईना, मग १९३७ मध्ये पद सोडलं. पुढे हिटलरविरुद्धच्या कटाचा तो नागरी बाजूचा प्रमुख, कट यशस्वी झाला असता तर चॅन्सेलर तोच होणार होता. २ फेब्रुवारी १९४५ ला फाशी.

त्याच्या गटाच्या लोकांनी आडेनाउअरलाही विचारलं होतं, त्याने नकार दिला. त्याला ते लोक बेसावध वाटत होते. मला दोघांपैकी गोअर्डेलर मोठा वाटतो, कितीही उशिरा का होईना त्याने जीव पणाला लावला.

सह्यकडा

तळजाई, गोअर्डेलरवर वेगळा धागा काढच, मी वाट बघतो. मोठा कोण यावर मला वाद घालायचा नाही, पण आडेनाउअरने नकार देऊनही तो सुटला नाही हे सांगायला हवं. २० जुलै १९४४ च्या कटानंतर धरपकडीत त्यालाही उचललं आणि नेलं कुठे, तर डॉइट्झच्या त्याच प्रदर्शन संकुलात जे त्याने महापौर असताना बांधलं होतं! तिथे छळछावणीची शाखा केली होती. बुखेनवाल्डच्या मोठ्या छळछावणीत पाठवायच्या यादीत त्याचं नाव आलं तेव्हा एका कम्युनिस्ट कैद्याने त्याला आजारी दाखवून हॉस्पिटलमध्ये हलवायची व्यवस्था केली. तिथून तो पळाला, मग गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, बायकोला, गुसीला, पकडून मुलींना धरायची धमकी देऊन पत्ता काढून घेतला. ती बाई त्या अपराधी भावनेतून पुढे सावरलीच नाही, तुरुंगात जीव द्यायचा प्रयत्न केला आणि १९४८ मध्ये गेली. नवऱ्याचं चॅन्सेलरपद तिने बघितलं नाही. या सगळ्या इतिहासात मला सर्वात जास्त वाईट तिच्याबद्दल वाटतं. आडेनाउअर नोव्हेंबरात सुटला, सैन्यात अधिकारी असलेल्या मुलाने, माक्सने, खटपट केली तेव्हा.

६ मार्च १९४५ ला अमेरिकन कोलोनमध्ये शिरले. युद्धाआधी साडेसात लाखांहून जास्त वस्तीचं शहर, नदीच्या पश्चिमेला उरले होते जेमतेम ४०,००० लोक, सगळे पूल पाण्यात. अमेरिकनांनी त्याला ऱ्होएनडॉर्फच्या घरून बोलावून आणलं. त्याने सुरुवातीलाच जी कामं केली त्यातलं एक म्हणजे शहराच्या बस बुखेनवाल्ड, डाखाउ, टेरेझिनला पाठवल्या, तिथल्या छावण्यांतून जिवंत राहिलेल्या कोलोनकरांना घरी आणायला. वय ६९, डिझेल मिळत नाही, रस्ते नाहीत, आणि हे सुचतं. मला त्याच्या आख्ख्या कारकिर्दीत हे काम सर्वात थोर वाटतं.

चिंचपोकळीकर

मग ब्रिटिशांनी का काढलं? एवढं चांगलं चाललं होतं तर.

ऱ्हाइनकाठची

परत झाडंच! जूनमध्ये अमेरिकन गेले आणि ब्रिटिश आले. हिवाळा तोंडावर, कोळसा नाही, तर ब्रिटिशांचं म्हणणं की हरितपट्ट्यातली झाडं तोडा आणि लोकांना जळण द्या. आडेनाउअरने नकार दिला. त्याचं म्हणणं कोळसा खाणींतून येतोय तो तुम्ही आम्हाला द्या, झाडं तोडून किती दिवस पुरणार आणि परत वाढायला किती वर्षं. ६ ऑक्टोबर १९४५ ला ब्रिगेडियर बॅराक्लफने त्याला बोलावलं, बसायलाही सांगितलं नाही, उभं ठेवून बडतर्फीचं पत्र वाचून दाखवलं. पत्रात कारण दिलं होतं की रस्ते मोकळे करणं, घरांची दुरुस्ती आणि हिवाळ्याची तयारी यात कमी पडलात. वर राजकारणात भाग घ्यायला बंदी आणि कोलोनमध्ये राहायलाही बंदी, तेव्हा गुसी कोलोनच्याच हॉस्पिटलमध्ये होती.

यात फक्त झाडांचा विषय नव्हता, ऱ्हाइनलँडच्या भवितव्यावर तो फ्रेंचांशी आणि पत्रकारांशी बोलत होता तेही ब्रिटिशांना खटकत होतं. लोक थंडीने कुडकुडत असताना झाडं वाचवणं बरोबर का, यावर इथे आमच्याकडे जर्मन मित्रांतही दोन तट पडतात. मी त्याच्या बाजूने आहे.

कुंपणावरून

मी नाही. त्या थंडीत तान्ही पोरं होती तळघरांत. झाडं परत लावता येतात. पण बस पाठवल्या ते मला माहीत नव्हतं, त्याबद्दल सलाम.

मुख्याधिकारी_निवृत्त

ताई, झाडांबाबत मी तुमच्या बाजूने. असा पट्टा एकदा उघडा पडला की त्यावर बांधकाम व्हायला वेळ लागत नाही, हे आमच्या खात्यातला कुणीही सांगेल. आधी जळण, मग तात्पुरत्या शेड, मग शेड कायमच्या.

आणि एक महत्त्वाची गोष्ट राहतेय. ब्रिटिशांनी फक्त माणूस काढला नाही, पदच बदललं. १९४६ मध्ये त्यांनी आपल्या भागात इंग्लंडची पद्धत आणली, महापौर मानाचा, निवडून आलेला, बिनपगारी, आणि कारभार चालवायला वेगळा नेमलेला प्रशासक. म्हणजे साधारण तेच जे आपल्याकडे मुंबईत १८८८ च्या कायद्याने झालं, सगळे कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे. फरक एवढाच की तिथला प्रशासक नगरसेवक निवडायचे, आपला आयुक्त राज्य सरकार पाठवतं. २०२२ पासून आपल्या कितीतरी महापालिका वर्षानुवर्षं नगरसेवकांशिवाय प्रशासकांनी चालवल्या, तेव्हा मला आडेनाउअरच्या जागेची फार आठवण यायची. ताकदवान प्रशासक त्यांच्याकडेही होता, पण समोर ९६ नगरसेवकांचं सभागृह होतं आणि १२ वर्षांनी त्यांच्यासमोर उभं राहावं लागलं, एका मताने वाचले.

तळजाई

आणि बडतर्फीमुळे तो मोकळा झाला हेही खरं. बंदी काही आठवड्यांतच उठली, ख्रिस्ती लोकशाही पक्षात वर चढला, पुढे घटना समितीचा अध्यक्ष, आणि सप्टेंबर १९४९ मध्ये चॅन्सेलर, तेही ४०२ पैकी बरोबर लागतील तेवढ्याच २०२ मतांनी. महापौर म्हणून राहिला असता तर राडारोडा उपसण्यातच वय सरलं असतं.

चिंचपोकळीकर

ती ब्रिटिश पद्धत तिथे अजून आहे का? आता कोलोनचा महापौर कसा निवडतात?

ऱ्हाइनकाठची

नाही, ती गेली. नव्वदच्या दशकात कायदा बदलला, १९९९ पासून लोक थेट महापौर निवडतात आणि तोच प्रशासनाचाही प्रमुख, म्हणजे दोन खुर्च्या परत एक झाल्या. २०१५ मध्ये हेन्रिएटे रेकर निवडून आल्या, कोलोनच्या पहिल्या महिला महापौर, कुठल्याच पक्षाच्या नाहीत. त्याही आडेनाउअरसारख्या महापालिकेतूनच वर आलेल्या, आधी समाजकल्याण खातं सांभाळायच्या, निर्वासितांची राहायची सोय त्यांच्याकडे होती. त्याच रागातून मतदानाच्या आदल्या दिवशी बाजारात प्रचार करताना एकाने त्यांच्या गळ्यावर चाकूने वार केला. निकाल लागला तेव्हा त्या हॉस्पिटलमध्ये बेशुद्ध होत्या. बऱ्या होऊन कामावर आल्या आणि २०२० मध्ये परत निवडून आल्या.